टेप लायब्ररी घेताय? कोटेशनवर सही करण्यापूर्वी हे तपासा

रॅन्समवेअरचे हल्ले वाढल्यापासून पतसंस्था, रुग्णालयं, महाविद्यालयं आणि चित्रीकरणाचे छोटे स्टुडिओ पुन्हा टेपकडे वळू लागले आहेत. हा विचार योग्यच आहे. लिहून झालेली टेप यंत्रातून काढून कपाटात ठेवली की नेटवर्कवरून तिला कोणी हात लावू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतली सगळी पत्रं नाहीशी झाली होती. एकाहून अधिक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींनाही फटका बसला होता. ती पत्रं गुगलनं शेवटी टेपवरून परत आणली.

अडचण सुरू होते ती व्हेंडरचं कोटेशन हातात पडल्यावर. ‘एलटीओ-९, २यू, २४ स्लॉट, १ एचएच एसएएस ड्राइव्ह, ४५ टीबी प्रति कार्ट्रिज’ अशी एक ओळ आणि खाली रक्कम. ‘यातलं आम्हाला नेमकं किती लागतं?’ आणि ‘एवढं घेऊनही बॅकअप सकाळपर्यंत का संपत नाही?’ हे दोन प्रश्न वाचकांकडून सतत येतात. दोन्हींची उत्तरं या एका ओळीत आणि तुमच्या नेटवर्कमध्ये मिळतात. म्हणून या ओळीतला एकेक तुकडा तुमच्या गरजेशी ताडून बघू या.

आधी कागदावर चार आकडे लिहा

व्हेंडरला फोन करण्याआधी आयटी सांभाळणाऱ्या व्यक्तीसोबत बसा आणि हे लिहून काढा:

- एकूण डेटा किती आहे? सर्व्हर, सीसीटीव्ही आणि स्कॅन केलेली कागदपत्रं वेगवेगळी मांडा.
- रोज त्यात किती बदल होतो? रोजचा बॅकअप याच आकड्यावर ठरतो.
- बॅकअपसाठी रात्रीचे किती तास मिळतात?
- सगळं गेलं तर किती तासांत काम पुन्हा सुरू व्हायला हवं? हा आकडा तंत्रज्ञानं ठरवायचा नसतो. तो संचालक मंडळानं किंवा मालकानं ठरवायचा असतो.

उदाहरणादाखल एका पतसंस्थेचा डेटा ६ टीबी आहे, रोज त्यात सुमारे २०० जीबी बदल होतो आणि रात्री ९ ते सकाळी ६ असे नऊ तास मिळतात असं धरू. पुढची सगळी गणितं याच आकड्यांवर करू. तुम्ही त्या जागी तुमचे आकडे घाला.

‘४५ टीबी’ या आकड्यावर विसंबू नका

एलटीओ-९ टेपची मूळ क्षमता १८ टीबी आहे. डेटा दाबून अडीचपट मावेल असं धरून ४५ टीबी हा आकडा छापला जातो. साध्या मजकुराच्या फायली आणि डेटाबेस बऱ्यापैकी दाबले जातात. फोटो, व्हिडिओ, सीसीटीव्हीचं चित्रीकरण आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ मात्र आधीच दाबलेल्या असतात, त्यांत पुढे जवळपास काहीच वाचत नाही. एनक्रिप्ट केलेला डेटाही दाबला जात नाही. त्यामुळे हिशोब नेहमी मूळ क्षमतेवरच करा. एलटीओ-७ साठी ती ६ टीबी आहे, एलटीओ-८ साठी १२ आणि एलटीओ-९ साठी १८.

काही सॉफ्टवेअर १८ टीबीऐवजी साधारण १६.४ टीबी दाखवतात. टेप खराब आहे असं समजू नका. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि ती सॉफ्टवेअर १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक दिसतो.

एलटीओच्या पुढचा आकडा

एलटीओ हे अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेलं टेपचं मानक आहे. त्यापुढचा आकडा म्हणजे पिढी. जुन्या टेप हाताशी असतील तर खरेदीआधी हे नियम पाहा:

- एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतात आणि एक पिढी मागच्या टेपवर लिहितात.
- एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-७ ची टेप वाचतो आणि लिहितो. एलटीओ-६ ची टेप त्यात वाचता येत नाही.
- एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ पर्यंतच मागे जातो.
- एलटीओ-१० ड्राइव्ह मागच्या कोणत्याही पिढीची टेप वाचत नाही.

कपाटात एलटीओ-६ च्या टेप असतील आणि तुम्ही एलटीओ-९ घेत असाल, तर जुना ड्राइव्ह मोडीत काढू नका. आधी त्या टेपवरचा डेटा नव्या टेपवर उतरवून घ्या. कंपनी कायद्यानुसार कंपन्यांना हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. इतक्या काळात ड्राइव्हच्या दोन-तीन पिढ्या बदलतात, त्यामुळे ‘डेटा उतरवणं’ हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरलेला बरा.

ऑटोलोडर की लायब्ररी, आणि स्लॉट किती?

एकच ड्राइव्ह आणि मोजकेच स्लॉट असलेलं यंत्र म्हणजे ऑटोलोडर. अधिक स्लॉट असतील आणि गरजेनुसार ड्राइव्ह वाढवता येत असतील, तर ती लायब्ररी. कोटेशनमध्ये या भागांची नावं येतात:

- स्लॉट: एक टेप ठेवायची जागा. स्लॉटचा जो संच बाहेर ओढता येतो तो मॅगझिन.
- पिकर किंवा रोबोट: स्लॉटमधली टेप उचलून ड्राइव्हमध्ये घालणारा हात.
- मेल स्लॉट: मॅगझिन न काढता एखादी टेप आत-बाहेर करायची खिडकी. काही मॉडेलमध्ये हा चालू केला की साठवणीच्या स्लॉटमधून तेवढी जागा वजा होते. हे आधीच विचारून घ्या.
- पार्टिशन: एकाच लायब्ररीचे सॉफ्टवेअरनं केलेले स्वतंत्र भाग. दोन विभागांची बॅकअप सॉफ्टवेअर वेगवेगळी असतील तरच याचा उपयोग.
- यू: रॅकमधल्या उंचीचं माप. १यू म्हणजे पावणेदोन इंच. २यूच्या यंत्राला साडेतीन इंच उंची लागते.

आता आपल्या पतसंस्थेचा हिशोब. आठवड्याचा एक पूर्ण बॅकअप ६ टीबीचा, त्यावर सहा दिवसांचे बदल १.२ टीबी, म्हणजे ७.२ टीबी. हे सगळं एका एलटीओ-९ टेपवर बसतं. चार आठवड्यांच्या चार टेप, बारा महिन्यांच्या बारा, दोन कोऱ्या आणि एक सफाईची अशा एकूण १९ कार्ट्रिज झाल्या. मात्र यातल्या बहुतेक टेप यंत्राबाहेर, दुसऱ्या जागी असायला हव्यात. एका वेळी यंत्रात पाच-सहाच लागतील. म्हणजे आठ स्लॉटचा ऑटोलोडर पुरतो आणि २४ स्लॉटची गरज पडत नाही. शिवाय एलटीओ-८ च्या १२ टीबी टेपवरही हा आठवडा मावतो, त्यामुळे दोन्ही पिढ्यांचे दर मागवा.

स्लॉट किंवा ड्राइव्ह वाढवताना वेगळा परवाना लागतो का, हेही विचारा. काही यंत्रांत जागा असते, पण ती वापरायला पैसे भरावे लागतात. काही बॅकअप सॉफ्टवेअरही ड्राइव्हच्या संख्येवर शुल्क लावतात.

बॅकअप सकाळपर्यंत का संपत नाही?

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि टेपचा बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट होतो. म्हणजे १ गिगाबिटचं नेटवर्क सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट नेईल, आणि प्रत्यक्षात हाती ११० च्या आसपास पडतात.

एलटीओ-९ चा अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह (कोटेशनमधला ‘एचएच’) सेकंदाला ३०० मेगाबाइट लिहितो. पूर्ण उंचीचा ४०० पर्यंत जातो. आता ६ टीबीचा पूर्ण बॅकअप घेऊन पाहा:

- १ गिगाबिट नेटवर्कवरून, ११० च्या वेगानं: सुमारे १५ तास.
- १० गिगाबिट नेटवर्कवरून, ड्राइव्हच्या ३०० च्या वेगानं: सुमारे साडेपाच तास.

मिळणारी वेळ नऊ तास. ड्राइव्ह कितीही महाग घेतला तरी १ गिगाबिटवर हे काम रात्रीत होणार नाही. आणि संकटाच्या दिवशी उलट दिशेनं डेटा आणतानाही तेच पंधरा तास मोजावे लागतील.

संथ नेटवर्कचा आणखी एक तोटा आहे. टेप एका लयीत पळत राहावी लागते. डेटा कमी पडला की ड्राइव्ह आधी वेग कमी करून पाहतो. त्याहूनही कमी पडला तर टेप थांबते, थोडी मागे जाते आणि पुन्हा पुढे येते. हे रात्रभर चालू राहिलं की वेळ तर जातोच, शिवाय टेप आणि ड्राइव्हचं हेड दोन्ही झिजतात. तंत्रज्ञ याला ‘शू-शायनिंग’ म्हणतात.

यावर उपाय असे:

- आधी डिस्क, मग टेप. सगळ्या सर्व्हरचा बॅकअप आधी बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवर घ्या आणि तिथून टेपवर उतरवा. टेपवर उतरवण्याचं काम मग दिवसाही चालू शकतं. लहान संस्थांसाठी हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. मात्र ती डिस्क ड्राइव्हच्या वेगानं डेटा देऊ शकते का, हे तपासा.
- बॅकअपसाठी १० गिगाबिटचा वेगळा रस्ता. सर्व्हर, स्विच, केबल आणि बॅकअप सर्व्हर हे चारही १० गिगाबिटचे हवेत. एक कडी जरी १ गिगाबिटची राहिली तरी सगळा वेग तिथेच अडतो.
- दोन केबल जोडल्या म्हणजे दुप्पट वेग, हे गृहीत धरू नका. दोन १ गिगाबिट केबल एकत्र बांधल्या तरी एका सर्व्हरकडून येणारा एक प्रवाह सहसा एकाच केबलवरून जातो.
- जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी डेटाची पाकिटं) वापरायच्या तर वाटेतल्या प्रत्येक उपकरणावर सारख्याच सेट करा. एखादं सुटलं तर वेग वाढण्याऐवजी जोडणी अडखळते.
- लाखो छोट्या फायली असतील तर नेटवर्क चांगलं असूनही बॅकअप रेंगाळतो. अशा फोल्डरची चाचणी वेगळी घ्या.

एसएएस की फायबर चॅनल?

ड्राइव्ह आणि सर्व्हर यांना जोडण्याचे हे दोन मुख्य मार्ग आहेत.

एसएएस म्हणजे लायब्ररीपासून सर्व्हरपर्यंत थेट केबल. स्वस्त आणि सरळ. मात्र केबल काही मीटरचीच असते, त्यामुळे सर्व्हर त्याच किंवा शेजारच्या रॅकमध्ये हवा. एक बॅकअप सर्व्हर असेल तर एवढं पुरतं. घेताना तीन गोष्टी बघा:

- केबलची दोन्ही टोकं. जुन्या कार्डाला एसएफएफ-८०८८ आणि नव्याला एसएफएफ-८६४४ जातीचं टोक लागतं. लायब्ररी येते आणि केबल बसत नाही म्हणून ती आठवडाभर खोक्यात पडून राहते, असं सर्रास घडतं.
- सर्व्हरमध्ये टेपसाठी एचबीए कार्ड हवं. डिस्कसाठीच्या रेड कार्डावर टेप जोडण्याला उत्पादक सहसा पाठिंबा देत नाहीत.
- बॅकअप सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनवर चालत असेल, तर टेपसाठी वेगळा प्रत्यक्ष सर्व्हर लागेल का, हे लेखी विचारा.

फायबर चॅनल हे साठवणुकीचं वेगळं नेटवर्क. त्याला स्वतःचा स्विच आणि कार्ड लागतं, खर्च वाढतो, पण अनेक सर्व्हर एकच लायब्ररी वापरू शकतात आणि बॅकअपचा भार कार्यालयाच्या नेटवर्कवर येत नाही. कोणत्या सर्व्हरला कोणता ड्राइव्ह दिसावा हे ‘झोनिंग’नं ठरवतात. टेपसाठीचा झोन डिस्कपासून वेगळा ठेवायला सांगा. हे नेटवर्क आधीपासून नसेल तर केवळ टेपसाठी ते उभारू नका.

लायब्ररीला एक साधं नेटवर्क पोर्टही असतं. ते तिच्या देखरेखीसाठी आहे, त्यावरून बॅकअप जात नाही. पहिल्याच दिवशी त्याचा मूळ पासवर्ड बदला आणि ते पान इंटरनेटवर उघडं राहणार नाही याची खात्री करा.

टेप आल्यावर

- बारकोड लेबल: लेबलवर आठ अक्षरं असतात. ‘एबीसी००१एल९’ यातली पहिली सहा तुमच्या टेपचा क्रमांक, शेवटची दोन पिढी. एकच क्रमांक दोन टेपना देऊ नका. लेबल ठरलेल्या खाचेतच चिकटवा, इतरत्र कागद चिकटवला तर टेप पिकरमध्ये अडकू शकते.
- पहिल्यांदा घालताना: कोरी एलटीओ-९ टेप पहिल्या वेळी स्वतःला जुळवून घेते आणि त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. यंत्र अडकलंय असं समजून वीज बंद करू नका.
- सफाई: ‘सीएलएन’नं सुरू होणारं लेबल सफाईच्या कार्ट्रिजचं. ती ठरावीक वेळाच वापरता येते. ड्राइव्हनं मागितल्यावरच वापरा, रोज सफाई करू नका.
- हवामान: दीर्घकाळ ठेवायच्या टेपसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात साधं कपाट चालणार नाही. टेप दुसऱ्या जागेहून आणली तर ती एक दिवस सर्व्हर रूमच्या हवेत राहू द्या, मगच ड्राइव्हमध्ये घाला.
- पडलेली टेप: बाहेरून धड दिसली तरी आतली टोकाची पिन सरकलेली असू शकते. तपासल्याशिवाय ती ड्राइव्हमध्ये घालू नका, नाहीतर ड्राइव्हही जाईल.

सर्वांत महागात पडणाऱ्या चार चुका

१. टेप लायब्ररीतच ठेवणं. हल्लेखोरानं बॅकअप सर्व्हरचा ताबा घेतला तर तो पिकरला हुकूम देऊन आतल्या सगळ्या टेप पुसू शकतो. टेप यंत्राबाहेर असेल तरच ती सुरक्षित. किमान एक संच दुसऱ्या इमारतीत ठेवा.

२. कॅटलॉग न जपणं. कोणत्या टेपवर काय आहे याची नोंद बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये असते. सर्व्हरसोबत तीही गेली तर एकेक टेप वाचून ती पुन्हा बनवावी लागते. कॅटलॉगचा बॅकअप रोज घ्या. स्टुडिओंनी एलटीएफएस पद्धतीचा विचार करावा. एलटीओ-५ पासून ती मिळते आणि तिच्यात टेप फोल्डरसारखी उघडते, विशिष्ट बॅकअप सॉफ्टवेअर लागत नाही.

३. एनक्रिप्शनची किल्ली एकाच ठिकाणी ठेवणं. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतः एनक्रिप्ट करतात. टेप वाटेत हरवली तरी डेटा उघड होऊ नये म्हणून हे चालू ठेवाच. पण किल्ली हरवली तर तुम्हालाही डेटा मिळणार नाही. तिच्या दोन प्रती, दोन ठिकाणी, दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवा.

४. रिस्टोअर करून न बघणं. ‘बॅकअप यशस्वी’ एवढा संदेश पुरेसा नाही. दर तीन महिन्यांनी एखादी टेप काढा, तिच्यावरचा डेटा वेगळ्या सर्व्हरवर उतरवा, खातेवहीची किंवा रुग्णनोंदींची चार पानं उघडून बघा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

- गरज लेखी द्या. वस्तू विक्री कायदा, १९३० नुसार तुम्ही विक्रेत्याला तुमचा हेतू सांगितला आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी केली, तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची अट गृहीत धरली जाते. नुसतं मॉडेलचं नाव लिहून ऑर्डर दिली तर हा आधार दुबळा होतो. म्हणून ‘६ टीबी डेटा नऊ तासांत’ असं खरेदी आदेशातच लिहा.
- ग्राहक आयोगावर विसंबू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी साधारणतः बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी काम करणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला मात्र सवलत आहे. त्यांनी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारावं. इतरांसाठी करारातली कलमंच खरं संरक्षण.
- वॉरंटी आणि एएमसी नीट वाचा. ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ म्हणजे इंजिनियर येणार, की ड्राइव्ह बदलून मिळणार? हे स्पष्ट लिहून घ्या.
- अडकलेली टेप तुमची आहे. बिघडलेला ड्राइव्ह परत नेताना आत अडकलेली टेप तुम्हालाच मिळेल, असं कलम घाला.
- डेटाची जबाबदारी तुमच्यावरच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार वाजवी सुरक्षा उपाय करणं तुमचं कर्तव्य आहे. टेप ने-आण किंवा साठवण दुसऱ्या संस्थेकडे दिली तरी ते सुटत नाही. सायबर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं असतं.
- टेप मोडीत काढताना ती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र घ्या.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. मूळ क्षमतेवर आमचा एक आठवडा किती टेपवर बसेल?
२. आमच्या आजच्या नेटवर्कवर पूर्ण बॅकअपला किती तास लागतील, आणि रिस्टोअरला किती?
३. कार्ड, केबल, लेबल, सफाई कार्ट्रिज आणि परवाने या किमतीत आहेत का?
४. आमच्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या मान्य यादीत हे मॉडेल आहे का?
५. बसवल्यावर आमच्याच डेटाचा बॅकअप आणि रिस्टोअर आमच्यासमोर करून दाखवाल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते खरेदी आदेशात घाला आणि शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतरच देण्याची अट लिहा. लायब्ररी लहान घ्यावी लागली तरी चालेल. वाचलेले पैसे नेटवर्कची अडलेली कडी सोडवायला, जादा टेप घ्यायला आणि दुसऱ्या इमारतीतल्या कोरड्या कपाटाला लावा. तुमच्या ठेवीदारांची, रुग्णांची आणि विद्यार्थ्यांची नोंद परत मिळेल की नाही, हे त्यावरच ठरतं.